पायाखालचा मऊ शब्द

आयर्लंडमधल्या डब्लिन-गॉलवे रेल्वेमार्गावरच्या क्लारा गावात उतरले तेव्हा भुरभुर चालू होती. धड पाऊस नाही, धड उघडीप नाही. कुंपणाशी उभ्या असलेल्या एका आजोबांना रस्ता विचारला, तर आधी आभाळाकडे बघून म्हणाले, "सॉफ्ट डे!" मऊ दिवस.

क्लारा बॉग ही दलदल गावाच्या दक्षिणेला आहे. तिच्यात लाकडी फळ्यांची वाट घातली आहे, ती सोडून खाली उतरायचं नाही. मी फळीवरच गुडघे टेकले आणि तळवा शेवाळावर दाबला. तो आत गेला, बोटांच्या फटींतून गार पाणी वर आलं. हात काढला तसं शेवाळ सावकाश फुगून पुन्हा होतं तसं झालं. हे स्फॅग्नम शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकतं. खालचं जुनं शेवाळ पाण्यात हवेवाचून पुरतं कुजत नाही. थरावर थर साचून त्याचं पीट, म्हणजे जळणाला चालणारी अर्धवट कुजलेली माती, होतं, तेही वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर.

आयरिश भाषेत 'बॉग' म्हणजे मऊ. साधं विशेषण. त्यावरून मऊ जमीन ती 'बॉगाख'. इंग्रजीने हा शब्द उचलला आणि त्याला जमिनीचंच नाव करून टाकलं. आयरिश बोलणारे मात्र अशा जागेला 'पोर्टाख' म्हणतात आणि तिथून कापून वाळवलेल्या जळणाला 'मोइन'. त्यांच्याकडे 'बॉग' मऊच राहिला. 'टोग गो बॉग ए' म्हणजे दमानं घे. भुरभुरीचा दिवस 'लॉ बॉग'. आजोबांचा 'सॉफ्ट डे' त्याच वळणाचा.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. उसाला पाणी पाजून पाजून आमच्याकडे जमिनी 'चिबड' झाल्या, पाणी मुरून नापीक. हा शब्द उच्चारतानाच शेतकऱ्याचा जीव तुटतो. ओल्या जमिनीसाठी इतका मायेचा शब्द असू शकतो हे मला इथे कळलं, आणि मनापासून हेवा वाटला.

पण मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये, म्हणतात ना? इथे यंत्रांनी खणलं. १९४६ साली सुरू झालेल्या 'बोर्ड ना मोना' या सरकारी कंपनीने विजेसाठी आणि जळणासाठी अफाट पीट उपसलं. २०२१ मध्ये ते कायमचं थांबवत असल्याचं जाहीर केलं. क्लारातही पाणी काढून टाकायला चर मारले होते. आता ते अडवून पाणी परत मुरवत आहेत. हजारो वर्षांची साठवण अशी चुलीत गेली याचं वाईट वाटतं, पण त्या जळणावर ऊब घेतलेल्या घरांना कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

फळीच्या कडेला दवबिंदू नावाचं कीटक खाणारं रोपटं दिसलं. कासच्या सड्यावर पाहिलेलं त्याचं भावंडच, लाल केसांवर चिकट थेंब मिरवणारं. एका थेंबात चिलट अडकलं होतं. बराच वेळ तिथेच बसून राहिले.

परतताना आजोबा अजून कुंपणाशीच होते. विचारलं, 'बॉग'वरून आणखी काय काय म्हणता? ते क्षणभर थांबले. "बॉगान," म्हणाले. कवच न धरलेलं अंडं. लहानपणी कधीतरी खुराड्यात सापडायचं. आणि त्यांनी ओंजळ अशी वाकवली, जणू ते अंडं अजून हातात आहे.