कार्ड पांढरं राहिलं आणि डाळिंबाची गाडी अडली – माझा अनुभव

सोलापूरजवळच्या एका संकलन केंद्रावर माझी डाळिंबाची गाडी अडवली होती. तो प्रकार आठवला की अजूनही डोकं तापतं. माल घेऊन जाणाऱ्या बागायतदारांना उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

हस्त बहाराचा, म्हणजे पावसाळा संपताना धरलेल्या हंगामाचा, भगवा वाणाचा माल होता. तोडणी, प्रतवारी, क्रेट भरणं सगळं वेळेत झालं. केंद्रावर कीटकनाशकाचा अंश तपासायला कार्ड लावतात. त्यावर दोन ठिपके असतात, एक पांढरा आणि एक लाल. पांढऱ्यात कोलिनएस्टरेज हे एन्झाइम असतं. फळ धुतलेल्या द्रावणाचा थेंब त्यावर टाकून दहा मिनिटं थांबायचं, मग कार्ड दुमडून दोन्ही ठिपके तीन मिनिटं एकमेकांवर दाबून धरायचे. एन्झाइम काम करत असेल तर पांढरा ठिपका निळा होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं औषध असेल तर ते एन्झाइमला जखडतं आणि ठिपका पांढराच राहतो. घरी रक्तातली साखर बघायची पट्टी असते, त्याच कुळातला हा बायोसेन्सर, म्हणजे एन्झाइमसारख्या जैविक घटकाने रसायन ओळखणारं साधन.

माझा ठिपका पांढरा राहिला.

"माल रिजेक्ट. पुढची गाडी घ्या."

बहार धरल्यापासून या दोन्ही गटांतलं एकही औषध बागेत आलं नव्हतं. फवारणीची वही पुढे केली, तर टेबलावरच्या माणसाने उघडलीसुद्धा नाही. म्हटलं, "साहेब, फळ न धुतलेल्या कोऱ्या द्रावणाचा थेंब टाकून एक कार्ड लावून दाखवा." उत्तर आलं, "आमच्यात तशी पद्धत नाही." बाहेर एप्रिलचं ऊन, क्रेटमधला माल तापतोय, ड्रायव्हर थांबण्याचे जादा पैसे मागतोय, आणि आत पद्धत सांगताहेत! पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी कपाटावर कार्डांचा खोका होता. खोक्यावर फ्रिजमध्ये ठेवायची सूचना छापलेली. ती मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचली, तेव्हा कुठे आतून वरिष्ठ आले.

त्यांनी कोऱ्या द्रावणाचं कार्ड लावलं. तेही पांढरं! म्हणजे उष्णतेने एन्झाइम आधीच निकामी झालं होतं. त्या खोक्यातल्या कार्डाने कुणाचाही माल नापासच ठरवला असता. मग फ्रिजमधलं पाकीट आणलं. कोरं कार्ड निळं झालं आणि पाठोपाठ माझंही. जीव भांड्यात पडला, पण माझ्या आधी ज्यांना परत पाठवलं, त्यांनी तोच माल मिळेल त्या भावाला विकला असणार. त्यांचं नुकसान कोण भरून देणार?

तेव्हा आपल्या कार्डाआधी कोरं कार्ड लावायला सांगाच. फळ चिरून रस टाकू देऊ नका. डाळिंबाच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि ते प्रथिनांना चिकटतं; कार्डावरचं एन्झाइमही प्रथिनच. टोमॅटो, लसूण, कांदापात नेणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: यांच्या रसातले नैसर्गिक घटकच एन्झाइमला अडवतात, औषध मारलेलं नसलं तरी.

कार्ड निळं झालं म्हणून माल युरोपला चालेल असंही समजू नका. बुरशीनाशकं त्याला दिसत नाहीत. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची अट असते आणि इतकं बारीक या कार्डाला सापडत नाही. त्यासाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेचा अहवालच लागतो. नमुना तोडणीच्या पुरेसा आधी द्या. फवारणीचं नियोजन केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला बघून करा.

आणि वहीत औषधाच्या ब्रँडबरोबर त्यातला घटकही तारखेसकट लिहा. त्या वरिष्ठांनी वही हातात घेतल्यावर आधी तोच रकाना तपासला.