आपली गाडी अशी पळत नव्हती

मंगळवार, रात्री साडेअकरा

मी फळीवर केलेली शकुंतलेची, आपल्या मूर्तिजापूर-यवतमाळच्या नॅरोगेज गाडीची, छोटी प्रतिकृती बाबांनी सगळं मिळून अर्धा मिनिट पाहिली असेल. गाडी दोनदा फिरली, तिसऱ्या फेरीला ते उठले. "बरी हाय," म्हणाले. मग दारात चप्पल शोधता शोधता म्हणाले, "पण हे आपली गाडी नाही. आपली गाडी अशी पयत नव्हती."

एवढंच. आणि गोठ्याकडे निघून गेले.

दुपारभर दुकानात पाच एचपीच्या मोनोब्लॉक पंपाची मोटर उघडून बसलो होतो. स्लॉटमधली जळकी तार ओढत होतो आणि डोक्यात तेच वाक्य. हरभऱ्याला पाणी चालू आहे, रात्रीच्या लाईनीत व्होल्टेज पडतं, मोटरी जळतात, माणसं सकाळीच दारात उभी. गिऱ्हाइकांशी बोलत होतो, पैसे घेत होतो, पण मन घरी त्या फळीजवळ. दोन वर्षं लागली हो या फळीला. जुन्या घराचं सागवानी दार मोडीत निघालं होतं, ते मी मागून घेतलं. सहा फूट बाय अडीच फूट. चित्रा तेव्हाही काही बोलली नाही, आताही बोलत नाही.

काय काय नाही केलं त्याच्यावर! माझी गाडी खरीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. शकुंतलेचा रूळ रुंदीला अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं, आणि एन गेजचा, म्हणजे छोट्या मॉडेल गाड्यांच्या एका मापाचा, तयार रूळ मिळतो नऊचा. हा हिशेब जुळला त्या रात्री मला झोप आली नव्हती. पण त्या रुळाचे स्लीपर फार जवळजवळ असतात, आपल्या लाईनीवर तसे नव्हते. म्हणून मी ब्लेडनं एक एक स्लीपर सोडवून लांब लांब सरकवला. तीनशेच्या वर असतील. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊन डब्याला टेप लावून आलो. (आपल्या दारव्ह्याच्या स्टेशनलाही मोतीबागच म्हणतात. तिकडे पाटी वाचली तेव्हा उगीचच घरी आल्यासारखं वाटलं होतं.) खडी म्हणून नाल्याची रेती तीनदा चाळली. पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल, त्यात साबणाचा एक थेंब, आणि ते सिरिंजनं रुळाच्या मधोमध सोडायचं. साबण नसेल तर पाणी रेतीवर गोळा होऊन बसतं, आत मुरत नाही. बाभळी केल्या पऱ्हाटीच्या मुळ्यांच्या. वावरासाठी आमच्याच वावरातली काळी माती वस्त्रगाळ करून पसरली. ती वाळली तशी तिला भेगा पडल्या, चैत्रात पडतात तशाच, फक्त केसाएवढ्या. त्या भेगा मी केल्या नाहीत. मातीनं स्वतः केल्या.

आणि बाबांनी त्या भेगा पाहिल्यासुद्धा नाहीत.

मला वाटलं होतं ते खुर्ची ओढून बसतील. कुठं काय चुकलं ते सांगतील, फाटक इकडं नाही तिकडं होतं म्हणतील, एखादं जुनं नाव काढतील. ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच पाठ फिरवली की माणसानं कोणाकडं पाहायचं? दादाचा फोन आला होता संध्याकाळी, जागेचंच काढलं होतं. ते आज नको.

बुधवार

सकाळी उठल्या उठल्या एक गोष्ट केली. स्टेशन ते फाटक टेपनं मोजलं. १२० सेंटिमीटर. मोबाईलवर सेकंद लावले आणि गाडी सोडली. चार सेकंद.

म्हणजे सेकंदाला ३० सेंटिमीटर. त्याला ८७ नं गुणलं तर सव्वीस मीटर. तासाला ९४ किलोमीटर.

मी दारातच बसलो. चौऱ्याण्णव! शकुंतला आणि चौऱ्याण्णव! ज्या गाडीतून बाबा उतरून हिरवे बोंड हातात घेऊन परत चढत होते, तिची मी मेल-एक्सप्रेस करून टाकली होती. डब्याच्या खिडक्या मोजल्या, स्लीपर मोजले, फलाटाचा उतार मोजला, आणि जे बाबांना सगळ्यात आधी दिसलं ते दोन वर्षांत मी एकदाही मोजलं नाही. लांबीला ८७ नं भागायचं हे मला पाठ होतं. वेगालाही तोच भागाकार लागतो, हे काहून सुचलं नसेल?

गाडी २० नं चालली असं धरलं तर त्या १२० सेंटिमीटरला एकोणीस सेकंद लागायला पाहिजेत. मी रेग्युलेटर कमी करून पाहिला. तीन व्होल्टवर इंजिन जागचं हलत नाही. चारच्या वर गेलं की उडीच मारते. मधलं काही नाहीच. याचं कारण मला माहीत असायला पाहिजे होतं. त्या एवढ्याशा मोटरीत आर्मेचरला, म्हणजे तार गुंडाळलेल्या फिरत्या भागाला, तीनच दात असतात. हळू फिरवली की प्रत्येक दात चुंबकाला अडकतो, सुटतो, अडकतो. सुटायला लागतो जोर, आणि जोर दिला की पळते.

बाबांचा राग कुठं गेला कळलं नाही. खरं म्हणजे तो राग नव्हताच. मला वाईट वाटत होतं ते अजूनही वाटतं आहे, पण आता वेगळ्याच गोष्टीचं.

पुण्याला पोरीच्या ॲडमिशनला गेलो होतो तेव्हा कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं होतं. तिथं किती गाड्या एकाच वेळी फिरतात! मी तोंड उघडं टाकून पाहत होतो, आणि तेव्हाच ठरवलं की आपली एकच गाडी करू पण अस्सल करू. आज वाटतं, मी तिथं गाड्या पाहिल्या. त्या फलाटावर येताना कशा हळूहळू थांबतात तिकडं नीट लक्षच दिलं नाही.

शनिवार, रात्री

तीन दिवस लिहिलं नाही. मोटर भरत होतो, म्हणजे तिची तार नव्यानं गुंडाळत होतो.

पंचवीस वर्षं मोटरी भरतो आहे. पण पंपाच्या मोटरीचा वेग ठरवते लाईनीची सायकल, म्हणजे हर्ट्झ, आणि मोटरीतले चुंबकीय पोल. ५० सायकलवर दोन पोलची मोटर मिनिटाला तीन हजाराच्या जरा आत फिरणार आणि चार पोलची पंधराशेच्या जरा आत. तिथं वेढे वाढवून वेग बदलत नाही. म्हणून ते कधी डोक्यातच आलं नसेल. ही चुंबकाची डीसी मोटर, हिचं उलटं आहे. वेढे वाढवले की तेवढ्याच व्होल्टेजला ती हळू फिरते.

आर्मेचर करंगळीच्या नखाएवढं. चिमट्यात धरून जुनी तार उलगडली, वेढे मोजत मोजत. तार ४४ गेजची निघाली. त्या जागी त्याहून बारीक, ४६ ची घेतली. ती केसापेक्षाही बारीक लागते हाताला, श्वास लागला तरी हलते. दीडपट वेढे बसले. पहिल्या वेळी तिसऱ्या दातावर तार तुटली. दुसऱ्या वेळी कम्युटेटरला, म्हणजे आसावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, झाळताना कड जळाली. चित्रा चहा ठेवून गेली आणि जाताना टेबलावरचा पंखा बंद करून गेली, मी न सांगता. तिसऱ्या वेळी बसली.

इंजिन उघडलं तेव्हा आत आणखी एक गोष्ट सापडली. आसाला रुईचा तंतू गुंडाळलेला. ओसरीत कापसाचा ढीग लागला आहे, घरभर तंतू उडतो, आणि फिरत्या आसाला बरोबर पकडतो. चिमट्यानं ओढला तर वीतभर निघाला. मग मागच्या आसालाही तसाच. मग वर्म गिअरच्या दात्यांमध्ये दाबून बसलेला, तेलानं काळा झालेला. वेचणीचा कापूस घरात आहे तोवर गाडीला फडकं घालून ठेवायचं, हे आता कळलं.

जुना रेग्युलेटर काढला. नागपूरहून पीडब्ल्यूएमचं बोर्ड मागवलं होतं, ते लावलं. ते व्होल्टेज कमी करत नाही. बाराचे बाराच देतं, पण तुकड्या-तुकड्यानं. प्रत्येक तुकडा पूर्ण जोराचा, म्हणून दात सुटतो. तुकडे आखूड, म्हणून गाडी पळत नाही.

साडेदहाला गाडी सोडली. सतरा सेकंद. म्हणजे २२ किलोमीटर. एकोणीस नाही, पण आता मला त्या दोन सेकंदांचं काही वाटत नाही.

बाबांना उठवलं नाही. ते उद्या पाहतील आणि पुन्हा नाहीच म्हणतील, असंही होऊ शकतं. त्यांच्या मनातली गाडी वाफेची आहे. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं इंजिन, १९९४ च्या १५ एप्रिलला काढलं, डिझेल आलं. त्यानंतरच्या गाडीलाही ते आपली म्हणत नव्हते. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर. ८७ नं भागलं तरी तेराशे मीटर होतात, आपल्या दारापासून बसस्टँडच्याही पुढं. एका सागवानी दारावर ती कुठून मावणार? नाही म्हणू देत. माझं चालू राहील.

एक लिहायचं राहिलंच. मंगळवारी बाबा बसले होते तेव्हा त्यांनी दोन बोटं फळीच्या कडेला टेकवली होती, रुळाच्या जवळ. आणि लगेच उचलली. मला वाटलं उठायला टेकू घेतला.

आता मी दिवा मालवला आणि तिथंच बोटं टेकवून बसलो. मंगळवारच्या वेगानं नुसती घरघर लागली असती बोटांना. आता तसं नाही. रुळाचा प्रत्येक जोड वेगळा लागतो. इंजिनाची चाकं, मग थोडी जागा, मग पहिल्या डब्याची पुढची दोन, मागची दोन. फाटकाजवळचा जोड जरा वर राहिला आहे, तिथं ठोका मोठा येतो. कानानं तो कधी कळला नव्हता.

तो जोड उद्या कानशीनं घासावा का, की बाबांचं बोट त्याच्यावरून जाऊ द्यावं आधी?