ताव नसलेली मिशी

आपल्याकडे मिशीचे प्रस्थ मोठे. तिला पीळ द्यायचा असतो, तिच्यावर ताव मारायचा असतो, आणि खरी मर्दानी असेल तर तिच्यावर लिंबूही ठरले पाहिजे. म्हणूनच 2010 च्या जुलैत, मध्यरात्री सुरू झालेला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना पाहताना माझे लक्ष स्पेनचे प्रशिक्षक व्हिसेन्ते देल बोस्के यांच्या मिशीकडे पुन्हापुन्हा जात होते. मिशी भरघोस होती, पण निवांत ओघळलेली. लिंबू सोडा, तिच्यावर वाटाणासुद्धा ठरला नसता. डच खेळाडू डी योंगने शाबी अलोन्सोच्या छातीवर बूट रोवला, पंचांची पिवळी कार्डे निघतच राहिली, आणि हे गृहस्थ मात्र सूट-टाय घालून, एसटीची वाट पाहावी तसे मैदानाच्या कडेला उभे. 116व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्टाने विजयी गोल केला तेव्हा आमच्याकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते आणि माझ्या ओरडण्याने सगळे घर जागे झाले होते.

सालामांकाच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याचा हा मुलगा रेयाल माद्रिद या क्लबसाठी मध्यफळीत खेळला, मग तिथेच पोरांना शिकवत राहिला, आणि 1999 मध्ये मुख्य संघ त्याच्या हाती आला. त्यानंतर 2000 आणि 2002 ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, 2001 आणि 2003 ची स्पॅनिश लीग. यांतली शेवटची जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी क्लबने त्यांना नारळ दिला! झिदान, फिगो, रोनाल्डो अशा चमकत्या ताऱ्यांच्या संघात ही मिशी बहुधा जुनाट दिसत असावी. त्याच उन्हाळ्यात, ताऱ्यांच्या मागे राहून चेंडू हिसकावणारा माकेलेलेही चेल्सी या इंग्लिश क्लबला गेला. माद्रिदला पुढची लीग मिळायला 2007 उजाडले, याचा मला, खरे सांगायचे तर, थोडा आसुरी आनंद झाला होता.

न दिसणाऱ्या माणसांची पारख देल बोस्के यांना उपजतच असावी. 2010 च्या त्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात स्वित्झर्लंडने स्पेनला 1-0 असे हरवले, तेव्हा मध्यफळीत बुस्केट्स आणि अलोन्सो असे दोन बचावात्मक खेळाडू हवेतच कशाला, अशी ओरड झाली. त्यांनी दोघांनाही हलवले नाही. सामना पाहिला तर बुस्केट्स दिसत नाही, पण बुस्केट्सला पाहिले तर सगळा सामना दिसतो, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे प्रसिद्धच आहे. पुढे बाद फेरीतले चारही सामने स्पेनने 1-0 अशाच फरकाने जिंकले. 2011 मध्ये राजाने त्यांना सरदारकी बहाल केली, 2012 मध्ये इटलीला 4-0 असे नमवून युरो चषकही आला. मिशीला पीळ काही पडला नाही.

मग 2014 च्या विश्वचषकात त्याच डच संघाने पहिल्याच सामन्यात पाच गोल चढवले. त्याही रात्री मी जागा होतो. पाचव्या गोलानंतर मी मुद्दाम मिशीकडे पाहिले. आता ती बरीच पिकलेली होती, पण ओघळलेली तेवढीच, चार वर्षांपूर्वी होती तितकीच.