तुम्ही विचारलंत म्हणून: टेन्शन सोडलं तर मान थांबेल का?

माझ्या कृषी केंद्रात बियाण्याची थैली उचलता उचलता कुणीतरी हमखास विचारतं, "भाऊ, कायचं टेन्शन घेऊन रायले? सोडून द्या नं, मान थांबते." काळजीपोटी विचारता, कळतं मला. पण तुम्ही विचारलंत की मान दोनदा जास्त झटकते. मला टुरेट सिंड्रोम आहे. मान झटकणं, घशातून आवाज निघणं, अशा आपोआप होणाऱ्या हालचाली-आवाजांना टिक म्हणतात. टिकबद्दल बोललं की टिक वाढते.

टेन्शनमुळे हा आजार झालेला नाही. १८८५ साली जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरनं ९ रुग्णांवरून तो मांडला, त्याचंच नाव त्याला आहे. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया असतात. कोणती हालचाल सोडायची, कोणती अडवायची, यात त्यांचा मोठा वाटा. माझ्यात ती अडवणूक सैल आहे. भीती तिथे ताण वाढवते, एवढंच.

एवढंच म्हणालो खरा, पण त्या 'एवढ्यानं' माझी शाळा संपत आली होती.

सातवीत होतो. ३० जानेवारी, अकरा वाजले, हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं मौन. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान, पटांगणाबाहेर कापसाची गाडी थांबलेली, तिचा बैलसुद्धा गप्प. माझ्या घशातून तेव्हा 'हं' असा आवाज निघायचा. शिंक येण्याआधी नाकात होतं तसं काहीतरी घशात दाटून येतं आणि आवाज केला की सुटतं. सकाळपासून एकच धास्ती होती, आज निघता कामा नये. पहिलं मिनिट दाबलं. नखं तळहातात रुतली. मग एकदा निघाला, आणि तो निघाला या भीतीनं लागोपाठ सहा-सात. पोरं हसली. गुरुजींनी पुढे बोलावून गालावर मारली आणि म्हणाले, "गांधीजींची थट्टा करतो काय बे?" मी थट्टा करत नव्हतो. मला गांधीजी आवडायचे. हे सांगायला तोंड उघडलं, तर पुन्हा 'हं'.

माय म्हणाली, बाहेरचं लागलं असेल. मी मात्र पंचविशीपर्यंत मानत राहिलो की मी भित्रा आहे. नंतर डॉक्टरांनी नाव सांगितल्यावर उलटं टोक धरलं: भीतीचा काही संबंध नाही, सगळं मेंदूचं. तेही खरं नव्हतं. काळजी आणि टिक पुष्कळदा एकाच माणसात राहतात. कर्जाचा हप्ता जवळ आला की माझी मान सांगते. पण सोमवारच्या भजनात खंजिरी हाती घेतली की तासभर थांबते, आणि तेव्हा काही हप्ता फिटलेला नसतो.

पोळ्यापासून माझी मुलगी डोळे मिचकावते आहे. सात वर्षांची आहे. हे घराण्यात उतरतं, माहीत आहे मला. रागावल्यानं वाढतं, हेही. परवा पाहुण्यांसमोर मीच तिला म्हणालो, "घाबरू नको ना, थांबव."

ती मोठे डोळे करून माझ्याकडे बघत राहिली, न मिचकावता, जमेल तितका वेळ.