'अलार्म वेंट ऑफ' म्हणजे वाजला की थांबला?

संध्याकाळच्या वर्गात मी नोकरदारांना इंग्रजी शिकवते. बहुतेक वेळ जातो त्यांचे ईमेल आणि रिपोर्ट दुरुस्त करण्यात. त्या दिवशी एका विद्यार्थ्याने टेबलावर कारणे दाखवा नोटीस ठेवली. तो कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला असतो. पाळी सोपवताना त्याने लॉगबुकात लिहिलं होतं, 'अलार्म वेंट ऑफ. नो ॲक्शन टेकन.' त्याच्या मते, अलार्म आपोआप थांबला, काही करावं लागलं नाही. वरिष्ठांनी वाचलं, अलार्म वाजला आणि हा बसून राहिला.

"मॅडम, 'लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले ना? मग अलार्म वाजला कसा?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी धडा बाजूला ठेवला आणि फळा भरला. 'द बाँब वेंट ऑफ', स्फोट झाला. 'द मिल्क वेंट ऑफ', दूध नासलं. 'शी वेंट ऑफ कॉफी', तिला कॉफी नकोशी झाली. गाइडवाले प्रत्येक फ्रेजल व्हर्बपुढे, म्हणजे 'गो ऑफ'सारख्या जोडक्रियापदापुढे, एकच अर्थ छापून मोकळे होतात, त्याची मला मनापासून चीड आहे. 'ऑफ' (off) आणि 'ऑव्ह' (of) हे मुळात एकच, अर्थ 'पासून दूर'. दिवा जळत असतो, त्या स्थितीपासून दूर गेला की अंधार. अलार्म एरवी गप्प असतो, त्या स्थितीतून सुटला की आवाज.

'सुटला' म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरून एक बाई म्हणाल्या, "शाळा सुटली की संपते, वारा सुटला की सुरू होतो. तसंच ना?" अगदी तसंच! पाठ्यपुस्तकांत असं एकही उदाहरण का नसतं?

जिथे जिवाशी गाठ असते तिथे असे शब्द मोकळे सोडत नाहीत. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून 583 माणसं गेली. 'वी आर नाऊ ॲट टेकऑफ' हे वैमानिकाचं वाक्य विमानतळाच्या कंट्रोलरने 'उड्डाणासाठी सज्ज आहोत' असं घेतलं, आणि विमान तर धावू लागलं होतं. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असं ठरलं. कारखान्याच्या लॉगबुकालाही असे शब्द ठरवून द्यायला काय हरकत आहे? 'अलार्म ॲक्टिव्ह', 'अलार्म क्लिअर्ड', संपला विषय.

नोटिशीच्या उत्तरात आम्ही इंग्रजीची चर्चा केलीच नाही. अलार्म कधी आला, त्याने कधी ॲक्नॉलेज केला (म्हणजे पाहिल्याचं बटण दाबलं), कधी क्लिअर झाला, हे सिस्टिममध्ये सेकंदासकट नोंदलेलं होतं. तेच क्रमाने लिहिलं आणि प्रिंट जोडली. ती नोंद वरिष्ठांच्या स्क्रीनवरही उघडते. नोटीस टाइप करण्याआधी ती पाहायला, किंवा त्याला बोलावून एक प्रश्न विचारायला, कोणाचं काय अडलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.