माझा अनुभव: हॉटेलचं सगळं झालं, अडलं ते डक्टपाशी

खाली रेस्टॉरंट, वर राहायच्या खोल्या. जागेचा करार, खाद्य परवाना, आचारी, गाद्या-पडदे सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते अग्निशमनच्या ना हरकत प्रमाणपत्रावर. अजूनही विषय निघाला की डोकं सणकतं.

भटारखान्यातला धूर नेणारा डक्ट खोल्यांच्या मजल्यातून गच्चीवर जातो. पहिला शेरा आला: डक्ट आगरोधक भिंतीत बंदिस्त हवा. मान्य. धुराबरोबर तेलाची वाफ वर जाते, गार होऊन पत्र्याला आतून चिकटते. खाली भडका उडाला तर तोच थर पेटतो आणि आग थेट झोपलेल्या पाहुण्यांपर्यंत पोचते. नियमाबद्दल माझी तक्रार नव्हतीच. पण भिंत बांधून, प्लास्टर करून फाईल परत दिली, तर साहेब म्हणतात, "डक्ट साफ करायची झाकणं कुठायत?"

अहो, मग तेव्हाच सांगायचं ना! नवीकोरी भिंत फोडली. झाकणं बसवली, तर म्हणे आग लागल्यावर गॅस आपोआप बंद व्हायला हवा. तो व्हॉल्व्ह लावला, तर नकाशात झाकणं दाखवलेली नाहीत. एका खेपेला एकच त्रुटी, आणि मधल्या काळात साहेब राउंडवर. इकडे खोल्या रिकाम्या, भाडं आणि पगार चालूच.

शेवटी कोरा कागदच पुढे सरकवला. "आणखी जे जे हवंय ते एकदाच लिहून द्या." कुरकुरत का होईना, दिलं. तिथून फाईल हलली. तुम्ही हा कागद पहिल्याच दिवशी मागा, आणि फाईल देताना आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

तपासणीत प्रश्न मालकाला नाही, आमच्या पोऱ्याला विचारला: कढई पेटली तर? "गॅस बंद, वर झाकण, पाणी अजिबात नाही." साहेब पहिल्यांदाच गप्प! पाणी जड, ते तेलाखाली जातं, तिथे त्याची सुमारे १७०० पट वाफ होते आणि पेटतं तेल चौफेर उडतं. हे मीच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. तेलाच्या आगीसाठीचा अग्निशामकही वेगळा येतो, तो आधीच आणून ठेवा.

हो, आणि जागा अजून घेतली नसेल तर सहीआधी गच्चीवर जाऊन या. डक्टचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीसमोर येत असेल, तर दुसरी जागा बघा.