दुधाच्या हिशोबाचं कॅलेंडर आणि कलम 34

आमच्या स्वयंपाकघरातलं 2017 सालचं कॅलेंडर सध्या कोर्टाच्या फायलीत आहे. निशाणी 17, म्हणजे सतरा नंबरचा पुरावा. प्रत्येक तारखेच्या चौकटीत आईच्या अक्षरात दुधाचा हिशोब: एक, एक, दीड, अर्धा, अर्धा, अर्धा, एक. या 'अर्धा'वर आमच्या चौदा लाख तीस हजारांची मदार आहे, हे मी कोणाला सांगितलं की आधी लोक हसतात.

अण्णा लहान कंत्राटदार. जेट्ट्यांची डागडुजी, साकव, कुंपणभिंती असली कामं. 2017 मध्ये त्यांनी एका गावाच्या किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं काम घेतलं. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढची निविदाही तिथेच भरायची आहे. मी तेव्हा नुकतीच बी. कॉम. होऊन अण्णांची बिलं बघायला लागले होते.

काम सुरू झालं आणि महिन्याभरात साइट ऑर्डर बुकात दोन ओळी आल्या: सुधारित नकाशाप्रमाणे पायाची पातळी साठ सेंटिमीटर खाली घ्यावी. दोन ओळी लिहायला काय जातं! समुद्रात साठ सेंटिमीटर म्हणजे वेगळंच काम होतं. आधीच्या पातळीला भांगाच्या ओहोटीतही, म्हणजे अष्टमीच्या आसपासही खोदता यायचं. पातळी खाली गेल्यावर पाणी तिथून हटायचं ते फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. त्यातही आपल्याकडे उधाणाची ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी, आणि दुपारी बारा वाजता समुद्र तुमच्या खड्ड्यात. महिन्यातले आठ-दहा दिवस, दिवसाचे चार-पाच तास. पोकलेन मात्र महिन्याच्या भाड्याने. तो उभा राहिला तरी मालक भाडं सोडत नाही.

अण्णांनी पत्रं लिहिली, उत्तरं आली नाहीत. शेवटी प्रकरण लवादाकडे गेलं. आर्बिट्रेटर, म्हणजे निवाडा देणारे, होते निवृत्त मुख्य अभियंता, घाटावरचे. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "मशीन रोज चारच तास चाललं, याला पुरावा काय?" अण्णा म्हणाले, "साहेब, तिथीची पाऊणपट करा." साहेब बघत राहिले. मग अण्णांनी सांगितलं: चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, भरती तीनला. अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळ्याच्या पोराला येणारं हे गणित. पण आमच्या वकीलबाईंनी तिथेच अण्णांना थांबवलं. "तोंडी नको. तिथ्यांचं कॅलेंडर रेकॉर्डवर आणू." घरात तिथ्या असलेलं 2017 चं एकच कॅलेंडर होतं, आईचं.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी थट्टेच्या सुरात विचारलं, हे अर्धा-अर्धा काय आहे? साक्षीला मीच बसले होते. म्हटलं, "अण्णा साइटवर मुक्कामी असले की आई अर्धाच लिटर दूध घेते." त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. आर्बिट्रेटरसाहेबांनी मात्र चष्मा कपाळावर चढवून पानं चाळली. सगळे 'अर्धा' अमावास्या आणि पौर्णिमेच्या भोवती गोळा झालेले, आणि पोकलेनच्या लॉगबुकातले कामाचे दिवसही नेमके तेच.

जून 2022 मध्ये अवॉर्ड, म्हणजे लवादाचा निवाडा, आलं. मशीन उभं राहिल्याचे 14 लाख 30 हजार, जादा खोदाईचे साडेतेरा लाख, अडकवून ठेवलेल्या अनामतीचे 7 लाख 20 हजार आणि बुडालेल्या नफ्याचे 5 लाख. एकूण 40 लाख, वर 9 टक्के व्याज. अण्णांनी पेढे आणले. मी कॅल्क्युलेटर काढला: दिवसाला 986 रुपये व्याज. पेढे संपायच्या आत पैसे येतील अशी आमची समजूत.

अवॉर्डला आव्हान द्यायला 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 34 मध्ये तीन महिने आहेत. सबळ कारण दाखवलं तर आणखी तीस दिवस, त्यापुढे एकही नाही. मुदत कायद्यातली उशिराची नेहमीची माफी इथे लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच सांगून ठेवलंय. अवॉर्डची सही केलेली प्रत पक्षकाराच्या हातात पडली त्या दिवसापासून ही मुदत मोजतात. खात्याला प्रत मिळाली 20 जूनला. त्यांनी अर्ज लावला 17 ऑक्टोबरला, शेवटच्या तीस दिवसांतल्या सत्ताविसाव्या दिवशी. कारण: फाइल तीन टेबलांवरून फिरत होती, मध्ये गणपती आले. गणपती आमच्याकडेही आले होते. असो, कोर्टाने अर्ज घेतला.

जुन्या कंत्राटदारांनी अण्णांना घाबरवलं होतं: अर्ज लागला की अवॉर्ड गोठलं. 2015 च्या दुरुस्तीआधी तसंच होतं. आता स्थगिती मागावी लागते, आणि ती देताना कोर्ट पैसे भरायला सांगू शकतं. सरकारी खातं आहे म्हणून वेगळी वागणूक नाही, हेही 2019 मध्ये ठरलेलं. आमच्या प्रकरणात निम्मी रक्कम जमा झाली. ती बँक गॅरंटी देऊन आम्ही उचलली आणि पोकलेनवाल्याची जुनी बाकी फेडली.

मग युक्तिवाद. खात्याचं म्हणणं तीन भागांत. एक, 'भरती-ओहोटीमुळे खोळंबा झाल्यास भरपाई नाही' असं कलम करारात आहे. दोन, दुधाच्या हिशोबावर चौदा लाख देणं हे उघड बेकायदेशीर. तीन, आर्बिट्रेटरने पंचांगाचं स्वतःचं ज्ञान वापरलं.

मला वाटलं होतं, आता परत सगळं उकरणार: लॉगबुक, एम.बी. (कामाच्या मोजमापाची वही), मी, आई, दूधवाला. वकीलबाई म्हणाल्या, "नाही गं. हे अपील नाही. चौतीसमध्ये न्यायाधीश पुरावा नव्याने तोलत नाहीत, रेकॉर्डवर आहे तेवढंच बघतात." पुरावा किती आणि कसा, याचा मालक आर्बिट्रेटर. कराराचा अर्थ लावणंही त्याचंच काम. कोणीही शहाणा माणूस लावणार नाही असा अर्थ असला तरच कोर्ट हात घालतं. आमच्या आर्बिट्रेटरनी लिहिलं होतं की करारातलं कलम निसर्गाच्या भरतीसाठी आहे, खात्याने बदललेल्या नकाशासाठी नाही. तो अर्थ बसतो. संपलं.

खरी भीती होती ती तिसऱ्या मुद्द्याची. 2019 मध्ये सांगयाँग नावाच्या कोरियन कंपनीच्या, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाविरुद्धच्या प्रकरणात बहुमताचं अवॉर्ड रद्द झालं. कारण, लवादाने रेकॉर्डवर नसलेली सरकारी मार्गदर्शक तत्त्वं परस्पर वापरली आणि कंपनीला त्यावर बोलताच आलं नाही. आमच्या साहेबांनी घरी जाऊन स्वतःचं पंचांग उघडलं असतं, तर गणित तेच आलं असतं आणि अवॉर्ड गेलं असतं. वाचलो ते निशाणी 17 मुळे, आणि त्यावर समोरच्यांनी स्वतःच प्रश्न विचारले होते म्हणून.

निकाल ऑगस्ट 2025 मध्ये लागला. बुडालेल्या नफ्याचे पाच लाख गेले. त्या मागणीखाली अवॉर्डमध्ये एकच ओळ होती: 'पाच लाख वाजवी वाटतात.' कशावरून, कुठल्या सूत्राने, काही नाही. मला राग आला नाही, खरं सांगते. ती मागणी मीच टाइप केली होती आणि आकडा अंदाजे टाकला होता. पण त्या एका ओळीपायी चाळीस लाखांचं अवॉर्ड आख्खं उडेल की काय, अशी धाकधूक मला तीन वर्षं होती. त्याच एप्रिलच्या 30 तारखेला गायत्री बालसामी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं होतं की सुटा होणारा खराब भाग कापता येतो, हिशोबातली उघड चूकही सुधारता येते. आमचं तसंच झालं. खराब फांदी छाटली, पस्तीस लाख उभे राहिले.

खात्याने अर्थातच कलम 37 खाली अपील केलंय. पूर्वी याला उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला त्याच न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग तिकडे जोडले गेले. म्हणजे आता आंबा घाट. अण्णा पंचाहत्तरीचे, तरी म्हणतात मी येणार, कोर्टात बसणार, ऐकणार.

परवा वकीलबाईंचा फोन आला, पहिली तारीख कळली. मी उठून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर 'कोल्हापूर' लिहायला गेले. बोलणं आईने ऐकलं असावं. त्या चौकटीत आधीच तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: अर्धा.